गोळी सकाळी की रात्री? औषधाची वेळ आणि शरीराचं घड्याळ

कातरवेळ

गेल्या वर्षी एका रात्री अडीचच्या सुमारास बाबा बाथरूमच्या दारात पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले, एवढ्यावर निभावलं. ते का पडले हे शोधताना जे कळलं ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण त्यात माझाही हात होता.

बाबा ७४ वर्षांचे. बीपीची गोळी कित्येक वर्षं सकाळी उठल्यावर घेतात. पडण्याआधी साधारण दहा दिवस मला फोनवर एक मजकूर आला होता: बीपीची गोळी सकाळऐवजी झोपताना घेतली तर हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा होतो, मोठ्या संशोधनात सिद्ध झालंय, सगळ्यांना कळवा. मी तो बाबांना वाचून दाखवला. गोळी तीच, डोस तोच, फक्त वेळ बदलायची. त्यात डॉक्टरांना विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या. बाबांच्या ‘बीपीच्या गोळी’त दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. दुसरं लघवी वाढवणारं. पोटात गेल्यावर दोनेक तासांत त्याचं काम सुरू होतं आणि चार तासांच्या आसपास जोर सर्वांत जास्त असतो. साडेदहाला गोळी घेतली, अडीचला बाबा उठले. त्यात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन रात्रीच्या जेवणानंतर चालू होतं, ज्याने उभं राहताना रक्तदाब अचानक उतरू शकतो. आणि मध्यरात्रीनंतरच्या त्या तासांत रक्तदाब मुळातच दिवसभरातला सर्वांत खाली असतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळेवर येऊन पडल्या.

मग तो मजकूर खोटा होता का? पूर्ण खोटा नव्हता, म्हणूनच जास्त घातक होता. स्पेनमध्ये हायजिया नावाचा १९,०८४ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपताना गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून ४५ टक्क्यांनी कमी असं म्हटलं होतं. नुसती वेळ बदलून इतका फायदा होतो, हे अनेक तज्ज्ञांच्या गळी उतरलं नाही. रुग्णांची विभागणी खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली होती का, यावर जाहीर प्रश्न विचारले गेले. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या डंडी विद्यापीठातून चालवलेल्या ‘टाइम’ चाचणीचे निकाल आले. रुग्ण २१,१०४, पाठपुरावा सरासरी पाच वर्षांहून जास्त. एका गटाने सकाळी ६ ते १० मध्ये गोळी घेतली, दुसऱ्याने रात्री ८ ते १२ मध्ये. हृदयविकार, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू हे रात्रीच्या गटात ३.४ टक्के, सकाळच्या गटात ३.७ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. २०२५ मध्ये कॅनडातल्या ‘बेडमेड’ चाचणीनेही तेच सांगितलं. माझ्या फोनवर तो मजकूर आला तेव्हा ‘टाइम’चे निकाल येऊन बराच काळ लोटला होता. मजकुराला त्याची खबर नव्हती, आणि मीही शोधलं नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे वेळेला महत्त्व नाही, विषय संपला. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. वेळ हा डोसाइतकाच उपचाराचा भाग आहे. फक्त प्रत्येक औषधाचा वेळेशी असलेला संबंध वेगळा आहे आणि तो कळल्याशिवाय वेळेला हात लावू नये.

शरीरात घड्याळ आहे हे काही रूपक नाही. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक रोप अंधाऱ्या जागी ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सूर्य दिसत नसताना वेळ कळते, म्हणजे ती आतूनच येते. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाशीत असा जनुक दाखवला की ज्यात बिघाड झाला तर माशीचा दिवस आखूड होतो, लांबतो किंवा पार विस्कटतो. हे घड्याळ कसं चालतं ते पुढे हॉल, रॉसबॅश आणि यंग यांनी उलगडलं, त्यासाठी त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. थोडक्यात असं: जनुकापासून एक प्रथिन बनतं, ते पेशीत साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःच्याच जनुकाला थांबवतं, मग हळूहळू विरतं आणि जनुक पुन्हा सुरू होतो. या एका फेऱ्याला सुमारे २४ तास लागतात.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर, सुमारे २०,००० पेशींचा एक बारीक पुंजका आहे. ते मुख्य घड्याळ, डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर जुळणारं. पण यकृत, मूत्रपिंडं, हृदय यांनाही आपापली घड्याळं आहेत. उंदरांच्या बारा अवयवांची २०१४ मध्ये तपासणी झाली, तेव्हा प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होताना दिसली. औषध ज्या प्रथिनावर काम करतं आणि ज्या विकरांनी (एन्झाइमांनी) ते शरीरात मोडलं जातं, ती दोन्ही वेळेप्रमाणे बदलत असतील तर सकाळची गोळी आणि रात्रीची गोळी शरीराच्या दृष्टीने सारखी कशी असेल?

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी ठरावीक वेळ सांगितली असेल आणि त्यामागचं कारण कळलं असेल, तर लिहा. वेळ बदलून त्रास झाला असेल तर तेही लिहा.

वाटसरू

बाबा आता बरे असतील अशी आशा. एक शंका. मला कोलेस्टेरॉलसाठी आधी सिम्वास्टॅटिन होतं, तेव्हा ‘रात्रीच’ असं बजावून सांगितलं होतं. आता रोसुव्हास्टॅटिन आहे, तर म्हणतात कधीही घ्या. एकाच जातीची दोन औषधं आणि नियम वेगवेगळे का?

कातरवेळ

बाबा बरे आहेत, धन्यवाद. यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं ते मुख्यतः रात्री. सिम्वास्टॅटिन शरीरात फार टिकत नाही, दोन-तीन तासांत निम्मं होतं. सकाळी घेतलं तर गरजेच्या वेळी ते जवळजवळ उरलेलंच नसतं. रोसुव्हास्टॅटिन निम्मं व्हायला सुमारे १९ तास, अटॉर्व्हास्टॅटिनला १४च्या आसपास. ही औषधं चोवीस तास पहाऱ्यावर असतात, त्यामुळे कधीही घेतली तरी रात्र सांभाळली जाते. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण शरीराची लय तीच राहिली आणि औषध लांब टिकणारं आल्यावर नियम सैल झाला.

शीशीबाटली

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर बावीस वर्षं काढली आहेत. वेळेच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात त्या पँटोप्रॅझॉल, ओमेप्रॅझॉल या ॲसिडिटीच्या गोळ्यांत. लोक जळजळ सुरू झाली की घेतात, नाहीतर जेवण झाल्यावर घेतात. या गोळ्या जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, पण चालू असलेलेच. रात्रभराच्या उपासानंतर सकाळच्या पहिल्या खाण्याला सर्वांत जास्त पंप कामाला लागतात. म्हणून अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. जेवणानंतर घेतली तर बराचसा उपयोग वाया. मग तक्रार येते की या कंपनीची गोळी चालत नाही, दुसरी द्या. गोळी चांगली असते, वेळ चुकलेली असते.

अजून एक. ‘एसआर’, ‘एक्सआर’ लिहिलेल्या गोळ्या तोडू किंवा कुटू नका. त्यांचं औषध हळूहळू सुटावं अशी बांधणीच केलेली असते. कुटली की बारा तासांचं औषध अर्ध्या तासात अंगावर येतं. विचारल्याशिवाय मोडू नका, इतकंच म्हणतो.

मुक्तछंद

वाचतेय. शीशीबाटली, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

मला थायरॉइडची गोळी आहे, लेव्होथायरॉक्सिन. सकाळी उपाशीपोटी, मग तासभर काही नाही. लहान मूल घरात असताना हा एक तास सांभाळणं किती कठीण जातं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. रात्री घेतली तर चालते असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

कातरवेळ

यावर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये चांगली चाचणी झाली आहे. त्याच लोकांना तीन महिने सकाळी गोळी आणि तीन महिने झोपताना गोळी, दुसऱ्या वेळी खरं औषध नसलेली गोळी, त्यामुळे आपण खरी कधी घेतोय हे रुग्णाला कळत नव्हतं. झोपताना घेतलेल्या काळात हार्मोनची पातळी थोडी सुधारलेली दिसली. पण अट तीच, पोट रिकामं हवं: रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तास लांब ठेवायची. इथे शरीराच्या घड्याळापेक्षा जेवणाच्या घड्याळाचा प्रश्न मोठा आहे. डॉक्टरांशी बोलून वेळ बदला, नंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. आणि एकदा रात्र ठरली की रात्रच. आज सकाळ, उद्या रात्र असं झालं तर तपासणीतून काहीच कळणार नाही.

परखड

लेख चांगला आहे, पण काही गोष्टी स्पष्ट मांडाव्यात असं वाटतं.

पहिलं. ‘टाइम’ चाचणीत रात्री गोळी घेणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. तेव्हा बाबांच्या पडण्यावरून ‘रात्रीची बीपीची गोळी धोकादायक’ असा समज करून घेणं चूक ठरेल.

दुसरं. या क्षेत्रात सुरुवातीचा छोटा अभ्यास चमकदार निघतो आणि मोठ्या चाचणीत चमक जाते, असं वारंवार झालंय. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरातून अभ्यास आला होता की हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया दुपारी केली तर पुढच्या ५०० दिवसांतले गंभीर हृदयविकार सकाळच्या तुलनेत निम्मे. बातम्या जगभर. नंतर दुसऱ्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा अनेक ठिकाणी तो फरक सापडला नाही. शस्त्रक्रियेसाठी नाव लागलेल्या माणसाने अशी बातमी वाचून ‘मला दुपारचीच वेळ द्या’ म्हणत आठ दिवस थांबायचं का?

कातरवेळ

परखड, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. मूळ लेखात तो यायला हवा होता. बाबा पडले ते ‘रात्र’ या एका कारणाने नाही, त्या गोळीत काय आहे हे न पाहता रात्र केली म्हणून.

दुसऱ्यावरही सहमत, थांबू नये. लीलच्या अभ्यासात हृदयाच्या ऊतींमधली घड्याळाची जनुकं तपासली होती, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. पण यंत्रणा पटण्यासारखी असणं आणि रुग्णाला फायदा होणं, यांत बरंच अंतर आहे.

हे अंतर किती असू शकतं ते कर्करोगाच्या उपचारात सर्वांत स्पष्ट दिसतं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. थोडं सविस्तर लिहितो.

फ्रान्समध्ये फ्रान्सिस लेव्ही आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर काम केलं. औषधं नेहमीचीच, फ्लुरोयुरासिल, ल्युकोव्होरिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन. फरक फक्त पंपाचा: एका गटाला दिवसभर सारख्या वेगाने, दुसऱ्याला वेग कमी-जास्त करत, फ्लुरोयुरासिलचा जोर पहाटे चारला आणि ऑक्सॅलिप्लॅटिनचा दुपारी चारला. फ्लुरोयुरासिल मोडणारं विकर रात्री जास्त कामात असतं आणि निरोगी पेशींचं विभाजन त्या वेळी मंद असतं, असा त्यामागचा विचार. १९९७ मध्ये १८६ रुग्णांचे निकाल आले. तोंड-आतड्याच्या अस्तराची गंभीर इजा सारख्या वेगाच्या गटात ७६ टक्के, लयीच्या गटात १४ टक्के. गाठी आटण्याचं प्रमाण २९ विरुद्ध ५१ टक्के. ज्यांनी केमोथेरपीतले तोंडाचे फोड जवळून पाहिले आहेत त्यांना या आकड्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही.

मग युरोपातल्या अनेक देशांत मिळून ५६४ रुग्णांची मोठी चाचणी झाली, या वेळी तुलना तोवर रुळलेल्या दोन दिवसांच्या पद्धतीशी. २००६ मध्ये निकाल आला: एकूण आयुर्मानात फरक नाही. पण पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळे काढल्यावर दिसलं की लयीच्या पद्धतीत पुरुषांचा मृत्यूचा धोका २५ टक्क्यांनी कमी झाला होता आणि स्त्रियांचा ३८ टक्क्यांनी वाढला होता. दोघांना एकत्र मोजल्यावर ‘फरक नाही’. म्हणजे पहाटे चार ही वेळ सगळ्यांच्या शरीरात एकच वेळ नव्हती.

हे वाचल्यापासून ‘सरासरी फरक नाही’ हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. आणि ‘वेळ साधली की फायदा’ हे वाक्य त्याहून धोक्याचं वाटतं, कारण त्या चाचणीत त्याची किंमत स्त्रियांनी मोजली.

परखड

हे दोन आकडे मी पहिल्यांदाच वाचतोय. तरी एक सावधगिरी: नंतर गट पाडून केलेल्या विश्लेषणातून निघालेला फरक ही पुढच्या चाचणीसाठीची दिशा असते, निष्कर्ष नसतो. इम्युनोथेरपीबाबतही, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांबाबतही, हेच चालू आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतून मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून आलं की ज्यांचे किमान २० टक्के डोस दुपारी साडेचारनंतर पडले ते कमी जगले. पण उशिराची वेळ कोणाला मिळते? लांबून येणारे, एकटे, आधीच जास्त आजारी असलेले. हे सगळं हिशेबातून वजा करणं फार कठीण.

पहाटवेळ

मला संधिवात आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अकरा वर्षं. चाचण्यांचं मला फारसं कळत नाही, पण या आजाराला वेळ असते हे मी रोज बोटांत अनुभवते.

सकाळी सहाला माझी बोटं मिटत नाहीत. केसांची पिन लावता येत नाही, नळ फिरत नाही. साडेआठपर्यंत सैल होतात. दुपारी कुणी भेटलं तर म्हणतं, तुला तर काही झालेलं दिसत नाही. पहिली काही वर्षं मला याचंच जास्त वाईट वाटायचं. तपासणीची वेळ नेहमी दुपारची मिळायची आणि डॉक्टर माझे सैल झालेले हात पाहायचे. शेवटी एकदा मी सकाळी सहा ते नऊ दर अर्ध्या तासाने मुठीचे फोटो काढून नेले. त्या दिवशी उपचार बदलले.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की सूज आणणारे रेणू, त्यांतला इंटरल्युकिन-६ मुख्य, मध्यरात्रीनंतर वाढतात. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, पहाटे वाढायला लागतं, पण या आजारात ते पुरं पडत नाही. म्हणून रात्री दहाला घेऊन चार तासांनी, दोनच्या सुमारास विरघळणारी प्रेडनिसोनची गोळी बनवली गेली आहे. मला ती मिळाली नाही, माझी साधी गोळी सकाळचीच आहे. पण तशी गोळी कुणीतरी विचार करून बनवली, माझ्या पहाटेचा विचार करून, हे ऐकूनच मला त्या दिवशी रडू आलं होतं.

शीशीबाटली

पहाटवेळ, मुठीच्या फोटोंची कल्पना फार मोलाची आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: साधं प्रेडनिसोलोन आपणहून रात्री घेऊ नका. स्टेरॉइड सकाळी देतात याचं कारण तेव्हा शरीराचं कॉर्टिसॉल तसंही वर असतं, त्यात भर पडते. रात्री साधी गोळी घेतली तर पहाटेचं नैसर्गिक कॉर्टिसॉल तयार होण्याचा इशाराच दबतो, झोपही उडते. ती उशिरा विरघळणारी गोळी वेगळी वस्तू आहे.

रातपाळी

मी नर्स आहे, चौदा वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळीत. सगळे प्रतिसाद वाचले आणि एक प्रश्न घशाशी अडकून राहिला. तुम्ही सगळे ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ म्हणता, ती कोणाची सकाळ?

मला बीपीची गोळी चालू होऊन दोन वर्षं झाली. चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिलंय. सकाळी आठला मी घरी येते, पडदे ओढते आणि झोपते. ती माझी रात्र आहे. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसाठी दिवसा जागी राहते, तेव्हा तीच वेळ माझी सकाळ होते. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. मी स्वतः वॉर्डात शेकडो लोकांना वेळेवर गोळ्या दिल्या आहेत आणि स्वतःच्या गोळीची वेळ ठरवता येत नाही.

आणि वॉर्डाचं सांगते. आयसीयूत रात्री तीनलाही दिवे, मॉनिटरचे आवाज, चारला रक्त काढायला कुणी येतं, पाचला अंग पुसणं. चौथ्या दिवशी म्हातारी माणसं विचारतात, आत्ता दिवस आहे की रात्र? आपण म्हणतो गोंधळ सुरू झाला. मला वाटतं प्रश्न अगदी बरोबर असतो. मी माझ्या पाळीत जमेल तेवढे दिवे मंद करते, कामं एकत्र उरकते, डोळ्यांवर पट्टी देते. सकाळी खिडकीचा पडदा उघडते आणि मोठ्याने वेळ सांगते. कुणी सांगितलेलं नाही, पण त्यांना एवढं तरी मिळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

कातरवेळ

रातपाळी, हा प्रश्न मी मूळ लेख लिहिण्याआधी स्वतःला विचारायला हवा होता. दोन दिवस वाचून मग उत्तर लिहितोय.

मेंदूचं घड्याळ उजेडाचं ऐकतं, यकृताचं बऱ्याच अंशी जेवणाचं. २००० साली उंदरांवर दिसून आलं की त्यांना फक्त झोपेच्या वेळी खायला दिलं तर यकृताचं घड्याळ उलटं होतं, मेंदूचं मात्र जागचं हलत नाही. रात्रपाळीत माणसाचं तेच होतं: उजेड एक वेळ सांगतो, जेवण दुसरी. आणि घड्याळ सरकायचं तर दिवसाला साधारण एक तास या हिशेबाने सरकतं. तीन रात्रींनंतर सुट्टी आली की ते अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतं. बहुतेकांचं शरीर रात्रपाळीला पूर्ण कधीच जुळत नाही. त्यामुळे ‘तुमची झोप ती तुमची रात्र’ असं सोपं उत्तर मी देणार नाही, कारण तुमची आतली रात्र बहुधा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

तुमची गोळी कोणती ते पाहायला हवं. ॲम्लोडिपिन असेल तर ते निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, तेव्हा फार काळजी करू नका, रोज एकच वेळ धरा. थोडा वेळ टिकणारं औषध असेल किंवा लघवीचं औषध मिसळलेलं असेल, तर डॉक्टरांना पाळीपत्रक दाखवा. आणि चोवीस तासांची बीपी तपासणी करायची झाली तर झोपेच्या खऱ्या वेळा लिहून द्या, नाहीतर यंत्र तुमच्या जागेपणाला झोप समजेल.

गवतफूल

माझ्या मुलाला दमा आहे, नऊ वर्षांचा. त्याचा त्रास पहाटे तीन-चारला वाढतो. दिवसा खेळतो, पळतो, तपासणीत फुंकर मारली की आकडा चांगला. याचाही घड्याळाशी संबंध आहे का? की रात्रीची थंडी, अंथरुणातली धूळ?

परखड

धूळ, आडवं झोपणं हे वाटा उचलतात. पण श्वासनलिका पहाटे चारच्या आसपास सर्वांनाच थोड्या आवळतात, निरोगी माणसालाही. दम्यात तीच घट कित्येक पटींनी मोठी होते. रात्री खोकून उठणं ही दमा काबूत नसल्याची खूण मानली जाते, दिवसाचा आकडा कितीही चांगला असो. पीक फ्लो मीटर (फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायचं छोटं यंत्र) असेल तर सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, दोन्ही वेळचे आकडे दोन आठवडे लिहा आणि तेच घेऊन जा. पहाटवेळ यांच्या मुठीच्या फोटोंसारखंच आहे हे. आणि पहाटे बोलता येत नसेल किंवा दम लागून बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर आकडे लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

वाटसरू

आयुर्वेदात औषध कधी घ्यायचं याचे काळ दिलेले आहेत, जेवणाआधी, जेवणाच्या मध्ये, झोपताना वगैरे. म्हणजे आपल्याकडे हे आधीच माहीत होतं असं म्हणता येईल का?

कातरवेळ

वेळेप्रमाणे शरीर बदलतं आणि औषध त्याप्रमाणे द्यावं, हे निरीक्षण नक्कीच जुनं आहे, आणि मला त्याचा आदर आहे. पण कोणत्या गोळीने कोणत्या वेळी किती फरक पडतो हे चाचणीतूनच कळतं, ते आधुनिक औषधाला जितकं लागू तितकंच जुन्यालाही.

आता बाबांचं राहिलेलं सांगतो. डॉक्टरांनी त्यांना चोवीस तास दंडावर पट्टा लावून ठेवला. दिवसा सरासरी वरचा आकडा १३४, झोपेत १०८. झोपेत १० ते २० टक्के उतार अपेक्षित असतो, बाबांचा १९ च्या आसपास निघाला. म्हणजे त्यांचं घड्याळ ते काम स्वतःच नीट करत होतं आणि मी त्यावर रात्रीची गोळी लादली होती. ज्यांचा रक्तदाब झोपेत उतरत नाही, त्यांच्याबाबत वेळेचा विचार वेगळा होऊ शकतो, आणि तो ही तपासणी पाहूनच करायचा.

गोळी परत सकाळी आठला गेली. टॅमसुलोसिन तसंच आहे. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, हे बाबांनी मनावर घेतलंय. आणि सगळ्या गोळ्यांची एक यादी फ्रिजच्या दारावर लावली आहे: नाव, वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात ‘हीच वेळ का’. तिसरा रकाना भरायला मला डॉक्टरांकडे दोनदा जावं लागलं. एक कॅल्शियमची गोळी अशी निघाली की तिच्यापुढे काहीच लिहिता आलं नाही, डॉक्टरांनी ती बंदच केली.

रातपाळी

माझी गोळी ॲम्लोडिपिन निघाली. संध्याकाळी सातला घ्यायची ठरवली आहे, कारण पाळी असो की सुट्टी, त्या एका वेळी मी रोज जागी असते. डॉक्टरांना पाळीपत्रक दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि फाइलला लावून ठेवलं.

तिसऱ्या रकान्याची यादी मी वॉर्डात डिस्चार्जच्या कागदाबरोबर द्यायला सुरुवात करतेय, हाताने लिहून. काल दोघांना दिली.